डॉयल नावाचा पुरुष

सन १९९८. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा मी तिसरीत सोडली. मास्तरांनी विनाकारण मारलं, मी पुन्हा गेलो नाही, आणि त्यावाचून माझं आजवर काही अडलेलं नाही. मी आमच्या गावचा गावकर. बाहेरच्यांना वाटतं, गावात राहतो तो गावकर. तसं नाही. ज्या घराण्याने रान तोडून गाव वसवला त्यातला वडील माणूस तो गावकर. देवळात गाव जमला की गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं ते त्याने. मी एकेक वाक्य बोलतो आणि मागून सगळा गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. माझ्या तोंडून गेलं ते देवाच्या कानावर गेलं, असा हिशोब. म्हणून तोंड सांभाळावं लागतं.

त्या साली पाऊस सरल्यावर सायब माझ्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण लहानपणापासून अरेतुरेच. सहसा कोणाच्या दारात जायचा नाही. ओटीवर बस म्हटलं तर बसला नाही. म्हणाला, “गावकारा, यंदा जत्रेक आमच्या पुरुषाचा नाव गाराण्यात घे.”

मी सुपारी कातरत होतो, ती तशीच हातात राहिली.

पुरुष म्हणजे मूळ पुरुष, घराण्याचा पहिला माणूस. आमच्याकडे तो प्रत्येक घराला असतो, आणि गाऱ्हाण्यात गावच्या पुरुषांना हाक मारायची रीत आहे. पण ह्याच्या घराचा पुरुष गोरा होता. कंपनी सरकारच्या तोफखान्यातला शिपाई, नाव डॉयल. तेच ह्यांचं आडनाव. दारात तुळस, भाद्रपदात गणपती, आणि आडनाव डॉयल. गाव त्याला सायब म्हणायचा. मीही म्हणायचो.

दिसायला सायब तव्याच्या बुडासारखा काळा. गुडघ्याच्या वर पंचा, डोक्याला टॉवेल, पायात काही नाही. खाडीच्या काठावर त्याची चुन्याची भट्टी होती. शिंपले, कालवांच्या कवट्या भाजून चुना काढायचा. माडांना लावायला, पानाला, तुळशीचं वृंदावन रंगवायला आम्ही त्याच्याकडूनच चुना नेत असू. दिवसभर भट्टीशी असल्यामुळे त्याच्या भुवया आणि पापण्या पांढऱ्या असायच्या. नवा माणूस बघून दचकायचा.

चुना न्यायला आलेल्या माणसाला तो लगेच चुना द्यायचा नाही. आधी विचारायचा, “तुमचो पुरुष खयसून इलो?” माणूस काहीबाही सांगायचा. मग सायब त्याला त्याच्या आडनावाची सगळी गोष्ट ऐकवायचा. कोण घाटावरून ढोरं घेऊन उतरला, कोण गोव्यातून देव टोपलीत घालून रात्रीचा खाडी ओलांडून आला. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण सगळ्यांच्या गोष्टीत माणूस बाहेरून यायचाच. एकदा माझ्यावरही आला.

“गावकारा, तुमी पयले इलास, ह्या खरा. पण इलासच मा. उगवलास नाय.”

मी म्हटलं, “पयलो इलो तो धनी. मागसून इलो तो पावणो.”

“पावण्याक इतक्या पिढ्ये कोण ठेयता रे?”

“तू हंयसून जाणस नाय, म्हणान ठेवलो.”

तो हसला आणि मला दोन पायल्या चुना जास्त घातला. राग असा त्याच्यात नव्हता. आडनावाला कोणी हात लावला तरच यायचा. मालवणला कचेरीत एकदा मी त्याच्याबरोबर होतो. कारकुनाने मान वर न करता विचारलं, “हे आडनाव आहे की काय आहे?”

“आडनाव.”

“ख्रिश्चन का?”

“हिंदू.”

“मग हे इंग्रजी आडनाव कसं?”

“इंग्रजी नाही, आयरिश आहे. इंग्रजांनी त्यांच्यावरसुद्धा राज्य केलं. तुम्हाला इतिहास शिकवायला कोण होतं?”

कारकुनाने त्याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. सायब बसला. मला म्हणाला, “तू जा. माका घाई नाय. आमचो पुरुष ह्येच्यापरास जास्त वेळ वाट बगीत पडललो.”

ती गोष्ट अशी, आणि ती तो दरवेळी थोडी बदलून सांगायचा. पलटण मालवणात होती. डॉयलला हिवतापाने गाठलं. पलटण पुढे निघाली तेव्हा हा मेला असं समजून त्याला वाळूत टाकून गेली. कधी तो एक रात्र पडून होता, कधी तीन. ओहोटीला शिंपले वेचायला आलेल्या बायकांनी त्याला बघितलं. त्यातली एक विधवा होती. तिने त्याला घरी नेलं, पेज पाजली. उठल्यावर तो परत गेला नाही. भट्टी तिची होती, ती त्याने चालवली. तिचे झिल, म्हणजे मुलगे, पुढे बापाच्या नावाने ओळखले गेले. सरणावर जायला तो हिंदू नव्हता आणि पाद्र्याकडे तो कधी फिरकला नाही, म्हणून मेल्यावर घरामागेच पुरला.

पितृपक्षात सायब म्हाळ घालायचा तो आमच्यासारखाच. भट यायचा, शेजारी जेवायला यायचे. पण घरामागे एक पान निराळं वाढायचा. त्यावर पाव, उकडलेलं अंडं आणि करवंटीत माडाची दारू. मी एकदा म्हटलं, वडे-सागोती का ठेवत नाहीस?

“तेका तिखट चलना नाय. पोटात दुखता.”

“मेलल्या माणसाच्या पोटात?”

“जिवंत आसताना दुखा. ता मेल्यार बरा होता असा तुका कोणी सांगल्यान?”

आता तो माझ्याकडे का आला ते सांगतो. त्याची बायको लवकर गेली. एकच झिल, मुंबईला गोदीत कामाला. त्याच उन्हाळ्यात झिलाने आडनाव बदलून घेतलं. गावाच्या नावाला ‘कर’ लावलं आणि झाला मोकळा. म्हणाला, पोरांना शाळेत चिडवतात, मुलीला उद्या स्थळ बघायचं तर पहिला प्रश्न हाच. झिलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाप त्याला काही बोलला नाही. माझ्याकडे आला.

“आता ह्या नावाचो मी एकटोच उरलय,” खळ्यात उभा राहून तो म्हणाला. “मी गेलय की संपला. संपांदे. पण ज्या पुरुषाचा नाव गाव कधी घेना नाय, तो खंय जाता? ना हंयचो, ना थंयचो. एकदा देवाच्या कानार घाल. मगे जावदे नाव मातयेत.”

मी सांगितलं, “नवा नाव कौलाशिवाय घालूक माका येना नाय.”

“मगे लाव कौल.”

जत्रेच्या आधी मी कौल लावला. कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर ओले तांदूळ चिकटवायचे आणि विचारायचं. उजवा आधी पडला तर देव हो म्हणतो, डावा पडला तर नाही. डावा पडला. मी पुन्हा पुन्हा विचारलं असं काहीजण सांगतात, ते खोटं आहे. एकदाच विचारलं. देवाशी घासाघीस करायची नसते.

सायब बाहेरच्या पायरीशी उभा होता. त्याने बघितलं, टॉवेलने तोंड पुसलं, नारळ ठेवला आणि गेला. जत्रेला मात्र आला. गाऱ्हाण्यात सगळ्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. त्यात त्याच्या घराचं कोणी नव्हतं.

सायब आता नाही. २००६ साली त्याचे पाय गेले, झिल त्याला मुंबईला घेऊन गेला आणि तो तिकडेच वारला. झिलाच्या दारावर नव्या आडनावाची पाटी आहे, त्या दारातून त्याला बाहेर काढला. स्मशानात कोणतं नाव सांगितलं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. भट्टी खाडीने नेली. घराचं छप्पर गेल्या साली बसलं. मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे आणि पानाला चुना बाजारातून पुडीत येतो तो खातो. तोंड भाजतं.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. कौल डावा पडल्यावर सायबाने एक नवीनच वेड घेतलं. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा गोरे पाहुणे यायला लागले होते. गोव्यातून वाट चुकल्यासारखे एकदोघे यायचे, वाळूत पडायचे. सायब भट्टी सोडून रोज तिकडे जायला लागला. त्याला इंग्रजीतलं एकच वाक्य येत होतं, ते माझ्या पुतण्याने त्याला शिकवलं होतं. “व्हॉट इज युवर सरनेम?” पंच्यातला काळा माणूस, पांढऱ्या भुवया, उन्हात आडव्या पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उभा राहून हे विचारणार. एक बाई आपलं सगळं सामान गोळा करून पळाली. काहीजण त्याला पैसे द्यायला बघायचे. तो हात मागे घ्यायचा आणि पुन्हा तेच विचारायचा. माणूस इंग्रज निघाला की “नो, नो” म्हणून पुढे.

गाव हसायचा. मी एकदा त्याला टोकलं, “कित्याक आपला हसा करून घेतस?”

तेव्हा त्याने मला मनातलं सांगितलं. “तुमी नाव घेवक नाय म्हणान काय झाला? थंय घेतत आसतले. आयर्लंडात खंयतरी एक गाव आसतलो, थंय डॉयलांचो देव आसतलो. थंयचो गावकार वर्साक आमचा नाव घेता आसतलो. तेका नुसतो सांगावो धाडूचो, की तुमचो एक पुरुष हंय पडलो आसा. तेकाव धरा तुमच्यात.”

मी म्हटलं, गोऱ्यांच्यात गावकर नसतात.

“नसांदे. नाव घेणारो कोणतरी आसतलोच.”

तीन वर्षं तो असा फिरला. मग २००१ साली माझ्या पुतण्याच्या घरी एक म्हातारा गोरा उतरला. पुतण्या पाहुण्यांना राहायला खोल्या देतो, इंग्रजी बरं बोलतो. म्हातारा लालबुंद, डोक्यावर फडक्याची टोपी, आयर्लंडचा. आणि त्याच्या आईचं माहेर डॉयल. पुतण्या धावत भट्टीवर गेला. सायब हातपाय धुऊन, सदरा घालून आला. सदऱ्यात मी त्याला झिलाच्या लग्नानंतर तेव्हाच बघितला.

आम्ही पुतण्याच्या पडवीत बसलो. म्हातारा माणूस मोकळा होता. सायबाचा हात धरून बराच वेळ हलवत राहिला. सायबाने पुतण्याला सांगितलं, “तेका इचार, डॉयलांचो मूळ गाव खंयचो?”

म्हातारा बोलायला लागला. पुतण्या थांबून थांबून सांगत गेला. फार जुन्या काळी त्यांच्या देशात उत्तरेच्या समुद्रातून गलबतं यायची. लूट करणारे लोक. काही लुटून गेले, काही किनाऱ्यावरच राहिले. तिथल्या लोकांनी त्यातल्या गोऱ्यांना गोरे परके म्हटलं, सावळ्यांना काळे परके म्हटलं. काळा परका, ह्याचंच त्यांच्या भाषेत डॉयल झालं. म्हणून डॉयल सगळे समुद्राकाठच्या मुलखातच जास्त.

सायब ऐकत होता. मग म्हणाला, “ता लोकांनी ठेवलला. तेंचा सोताचा नाव काय होता?”

पुतण्याने विचारलं. म्हाताऱ्याने खांदे उडवले.

“कोणाक ठाऊक नाय म्हणता.”

“खंयच्या गावसून इलले?”

“ताव ठाऊक नाय. दर्यातसून इले, इतक्याच.”

“आनि तेंचो देव?”

“थंयलोच धरलो, काका. तेंचो खंयचो ता कोणाक ठाऊक.”

म्हाताऱ्याला ह्या सगळ्याची मोठी गंमत वाटत होती. त्याने सायबाच्या काळ्या हाताकडे बोट दाखवलं, काहीतरी बोलला आणि पोट धरून हसला. पुतण्या सांगेना. सायब म्हणाला, “सांग.”

“म्हणता, आमच्यापरास तुमीच खरे डॉयल.”

सायबही थोडा हसला, पाहुण्याचा मान म्हणून. चहा प्यायला, नमस्कार केला आणि गेला. त्यानंतर तो किनाऱ्यावर कधी दिसला नाही. आठवड्याने मी चुन्याला गेलो. त्याने मला पुरुष खयसून इलो ते विचारलं नाही. माप भरता भरता म्हणाला, “थंय पण आमी उपरेच रे.”

मी चुना घेतला आणि आलो.

दुसऱ्या साली गावपळण आली. आमच्या भागात काही गावांत ही रीत आहे. तीन-चार वर्षांनी देव सांगतो तेव्हा सगळा गाव तीन दिवस तीन रात्री सीमेबाहेर जाऊन राहायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात चूल पेटता कामा नये, दिवा लागता कामा नये, गावचं एक माणूस मागे राहता कामा नये. राहिलं तर पळण मोडली. चौथ्या दिवशी सीमेच्या धोंड्याशी कौल घ्यायचा, देवाने उजवा दिला की परत.

निघायच्या सकाळी ढोल वाजला. मी वाडीवाडीवर फिरून घरं मोकळी झाली का बघत होतो. सायब आपल्या उंबऱ्यावर बसला होता. बैल गोठ्यात बांधलेला. मागे भट्टी धुमसत होती.

“भायर पड रे सायबा. ढोल वाजलो.”

“मी कित्याक पडू?”

“गाव भायर पडता म्हणान.”

“पडांदे गाव. मी खंय गावचो?”

मला वाटलं चेष्टा करतो. म्हटलं, “गेल्या खेपेक पडललस मा?”

“गेल्या खेपेक माका वाटलला मी गावचो. मगे तुमी कौल लावलास.”

“कौल तुज्या पुरुषाक लावललो. तुका न्हय.”

“पुरुष गावचो नाय आनि मी गावचो? मगे मी इलय खयसून? भट्टयेतसून?”

तोवर माणसं जमली. डोक्यावर बोचकी, हातात दाव्याला गुरं. सायब उठला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “नाव घे, गावकारा. आता, ढोलाच्या म्होरं. एकदाच. घेतलस तर बैल सोडून तुज्या म्होरं चलतय. मी गावचो आसलय तर माजो पुरुष गावचो. तो नाय तर मीय नाय, आनि तुमची पळण माका लागना नाय.”

दोघंतिघं तरुण पुढे झाले. “उचलून घेव काय, तात्या?” पुतण्याने मला विचारलं.

“हात लावशात तर बगा,” मी म्हटलं. चार पिढ्या शेजारी राहिलेल्या माणसाला गाठोड्यासारखा उचलून न्यायचा, हे माझ्या गावात होणार नव्हतं. आणि देवाने नाही म्हटलेलं नाव ढोलाच्या धाकाने तोंडातून काढायचं, हेही होणार नव्हतं. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. ऊन चढत होतं.

मी म्हटलं, “बरा. तू गावचो न्हय. तू रव.”

ढोल वाजवणाऱ्याचा हात थांबला. सायब माझ्याकडे बघत राहिला. भुवया पांढऱ्या होत्या, त्याखाली डोळे काय करत होते ते मला दिसलं नाही. मग तो उठला आणि आत गेला.

रीतीप्रमाणे ते बरोबर होतं. गावचा माणूस मागे राहिला नाही, पळण मोडली नाही. आजही कोणी शास्त्र काढून दाखवलं तरी मी हेच सांगेन.

आम्ही ओहोळापलीकडे झावळांच्या झोपड्या घातल्या. पळण म्हणजे गावाची मजा असते. बायका फुगड्या घालतात, पोरं मासे पकडतात, रात्री भजन. त्या खेपेला मजा वठली नाही. पहिल्या दिवशी दुपारी माडांच्या वर भट्टीचा धूर दिसला. लोक कुजबुजले, गावात विस्तव आहे, पळण मोडली. मी म्हटलं, परक्याचा धूर तो, आपल्याला लागत नाही. संध्याकाळी धूर थांबला. दुसऱ्या दिवशी दिसलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बायको म्हणाली, “कोणाक तरी धाडा हो बगूक. म्हातारो माणूस, एकटो.” मी म्हटलं, पळणीत गावात पाऊल टाकता येत नाही. ती माझं पान वाढून झोपडीत गेली. आमची कुत्री गावाकडे तोंड करून बसायची.

चौथ्या दिवशी कौल उजवा मिळाला. आम्ही आधी देवळात गेलो, गाव परत आल्याचं गाऱ्हाणं घातलं. माझं अर्धं लक्ष खाडीकडे होतं. नारळ फुटले आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, “तो बगा सायब.”

तो गावातून येत नव्हता. खाडीच्या बाजूने, सीमेच्या धोंड्याकडून येत होता. एका हातात बैलाचं दावं, दुसऱ्या हातात नारळ. मागाहून कळलं, आम्ही निघालो त्याच दिवशी संध्याकाळी तो बैल घेऊन खाडीपलीकडे गेला होता. तीन दिवस पलीकडच्या गावात झाडाखाली बसून होता. तिथल्या बायकांनी पेज दिली ती प्यायला. आमचा गाव तिन्ही रात्री पुरता रिकामा होता.

तो सभामंडपाच्या बाहेर, पायऱ्यांच्या खाली थांबला. बैल माडाला बांधला. मला म्हणाला, “गावकारानू, मी परको माणूस. भायरसून इलय. तुमच्या गावात रवाक जागो देवा.”

जन्मात त्याने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

आमच्या गावची ही जुनी रीत. बाहेरचा माणूस गावात राहायला आला की त्याने असाच नारळ घेऊन पायरीखाली उभं राहायचं. सोनार आला तेव्हा मी हे केलं आहे, न्हावी आला तेव्हा केलं आहे. त्याला ठेवायचा की नाही ह्याला कौल लागत नाही, तो गावकराचा अधिकार. गावकराने तीन गोष्टी विचारायच्या आणि त्यांची जी उत्तरं येतील ती तशीच्या तशी गाऱ्हाण्यात घालायची. तीन दिवस झाडाखाली बसून त्याने हेच जुळवलं होतं. मला कळलं, आणि मला कळल्याचं त्यालाही कळलं.

मी विचारलं, “कोण तू?”

“चुनो भाजणारो.”

“खयसून इलस?”

“दर्यातसून.”

“मूळ पुरुष कोण?”

“डॉयल,” तो म्हणाला. “तोय परको. तेचो बापूस परको, आजो परको. आमी मुळातसूनच परके. खंयचा गाव सांगू?”

मी देवाकडे तोंड केलं.

“बा देवा म्हाराजा, आज ह्यो परको माणूस तुज्या दारात इलो आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“दर्याच्या वाटेन इलो आसा. तेका गाव नाय, सीम नाय.”

“व्हय म्हाराजा.”

“डॉयल नावाच्या पुरुषाचो ह्यो वंश. त्या पुरुषाक आनि ह्या लेकराक तुज्या पांढरीत जागो दी, आनि आपला म्हणान सांभाळ.”

नावाआधी मी थांबलो, आवाज फुटला नाही, असं पुतण्या सांगतो. तो पळणीच्या धुळीने घसा बसला होता. नाव मी नीट घेतलं. मागून गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. सायबाने मान खाली घातली होती, माणूस न्हाव्यासमोर घालतो तशी. त्याने नारळ पायरीवर ठेवला. आत आला नाही.

ह्या रीतीचं एक शेपूट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकराने नव्या माणसाला त्याची जागा दाखवायची, तोवर त्याने त्या जागेत पाऊल टाकायचं नाही. मी उजाडताच गेलो. सायब आपल्याच घराच्या बेड्याबाहेर, कुंपणाच्या फाटकापाशी, बैलाशेजारी घोंगडी पांघरून बसला होता. रात्र तिथेच काढलेली. दवाने घोंगडी भिजली होती.

मी म्हटलं, “चल, ऊठ. खूळ पुरे झाला. घरात जा.”

“नवो माणूस मी, गावकारानू. दाखवल्याशिवाय कसो जाव?”

मी बेडा काढला. तो माझ्या मागून आत आला, दबकत, लोकांच्या आवारात येतात तसा.

“ही बाव,” मी म्हटलं. “पाणी गोडा. चैतात तळ गाठता.”

“बरा.”

“ह्यो फणस.”

“कापो काय बरको?”

साठ वर्षं त्याने त्याचे गरे खाल्ले होते. मी म्हटलं, “बरको.”

“बरा.”

गोठा दाखवला, भट्टी दाखवली. भट्टीतली राख थंड झाली होती. तो सगळ्याला मान हलवत होता. मग आम्ही घरामागे आलो. तिथे कंबरेएवढी चिऱ्यांची चौथऱ्यासारखी बांधणी, वर गवत. तो तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला. हात जोडले नाहीत. माझ्याकडेही बघितलं नाही.

“आनि हयसर कोण आसा, गावकारानू?”

“हयसर पुरुष आसा.”

“कोणाचो?”

“गावचो.”

त्याने मग तोंड माझ्याकडे न वळवता विचारलं, “नाव काय तेचा?”

मी वहाणा काढून बाजूला ठेवल्या, चौथऱ्याला हात लावला आणि नाव सांगितलं.